एका रात्रीचे दोन पाठ

जॅझ संगीताचे दोन जुने षौकीन एकत्र बसले की त्यांच्या बोलण्यात तिसऱ्याचा शिरकाव होणे कठीण असते. आपल्याकडील मैफलींचे रसिक एखाद्या बुवांच्या तानेविषयी, फार तर त्यांच्या लहरीविषयी बोलतील. जॅझचे रसिक बोलतात ते तारखांविषयी. अमुक वादन कोणत्या दिवशी ध्वनिमुद्रित झाले, त्याचे टेक किती झाले, त्यांतला कोणता प्रथम प्रसिद्ध झाला, पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर नावे कशी उलटसुलट छापली गेली, पुढे सीडी काढताना मूळ फीत वापरली की तिची नक्कल, आणि तबकडीवर लेबलाच्या कडेशी कोरलेला क्रमांक काय आहे! ऐकणाऱ्यास वाटावे की हे संगीताचे भक्त नसून भूमापन खात्यातील जुने कारकून आहेत.

या छंदाची थट्टा पुष्कळ झाली आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. तबकडी कपाटात आहे, पण तिच्यावर ओरखडा पडेल म्हणून ती वाजवायची नाही, अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. तरीही या कारकुनीवाचून जॅझचा इतिहास उभाच राहिला नसता असे आम्हांस वाटते. एवढेच नव्हे, तर जुन्या ध्वनिमुद्रिका नव्याने प्रसिद्ध करण्याचा जो मोठा उद्योग गेली कित्येक दशके चालू आहे, त्याची परीक्षा संगीताच्या निकषांबरोबरच ग्रंथसंपादनाच्या निकषांवरही व्हावयास हवी. नव्याने निघालेली ध्वनिमुद्रिका ही एक संपादित आवृत्ती असते. तिच्यामागे कोणीतरी संपादक असतो, त्याने काही घेतलेले असते, काही गाळलेले असते, आणि त्याने काय केले हे जाणून घेण्याचा अधिकार श्रोत्याला असतो. हे म्हणणे आम्ही मुख्यतः एकाच ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने मांडणार आहोत.

प्रथम एक खुलासा. बाखची रचना कागदावर आहे. एखादे ध्वनिमुद्रण नष्ट झाले तरी रचना उरते. जॅझमध्ये धून ही पुष्कळदा निमित्तमात्र असते. वादक त्या धुनेच्या चौकटीवर त्या क्षणी जे उभारतो ते खरे संगीत, आणि ते त्या क्षणाबरोबर विरून जाते. उरते ती तबकडी. पुढच्या पिढीतील वादकांनी आपली विद्या बव्हंशी तबकड्यांवरूनच घेतली. एकच ओळ पुन्हा पुन्हा, गती कमी करून ऐकत ते शिकले. अर्थात तबकडी हीच येथे पोथी, आणि पोथी म्हटली की पाठभेद आले. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावयास घेतली, तेव्हा मूळ कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. १६१६ साली छापलेल्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. आपण जे वाचतो ते हस्तलिखितांच्या आणि १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीच्या आधाराने. ज्या समाजाने आपला आद्य ग्रंथ असा नकलांमधून वाचवला, त्याला मूळ फीत आणि तिची नक्कल यांवरचा वाद परका वाटण्याचे कारण नाही.

आता न्यूपोर्टकडे वळू.

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या श्रीमंत गावी १९५४ पासून जॅझचा महोत्सव भरू लागला. १९५६ च्या महोत्सवात ७ जुलैच्या रात्री ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजवणार होता. एलिंग्टनचे वय तेव्हा ५७ होते. तीस वर्षे तो अमेरिकेतील अग्रगण्य रचनाकारांत गणला गेला होता, पण मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस ओसरले होते, एकामागून एक वृंद मोडत होते, आणि एलिंग्टन हे नाव आदराने घ्यावयाचे पण तिकीट काढून ऐकावयाचे नाही अशा नावांत जमा होऊ लागले होते. त्या रात्री व्यासपीठावरून त्याची ओळख करून दिली ती फादर नॉर्मन ओ'कॉनर या पॉलिस्ट संघाच्या धर्मगुरूंनी. बोस्टनच्या विद्यार्थ्यांमध्ये काम करणारे हे फादर 'जॅझचे फादर' म्हणूनच प्रसिद्ध होते. सुरुवातीस वृंदातील काही वादक आलेलेच नव्हते. थोडे वाजवून वृंद खाली उतरला आणि पुन्हा व्यासपीठावर आला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. काही श्रोते घरची वाट धरू लागले होते.

त्या वेळी एलिंग्टनने आपली १९३७ सालची एक जोडरचना काढली, 'डिमिन्युएन्डो इन ब्लू' आणि 'क्रेसेन्डो इन ब्लू'. पहिलीत ध्वनी उतरत जातो, दुसरीत चढत जातो. मूळची ही दोन वादने तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीच्या दोन बाजूंवर होती. म्हणजे पहिली संपली की उठून तबकडी उलटावी आणि सुई पुन्हा ठेवावी. न्यूपोर्टला या दोहोंमधील मोकळ्या जागेत टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस उभा राहिला. ब्लूजचे एक आवर्तन बारा बारांचे असते, प्रत्येक बारात चार मात्रा. अशी २७ आवर्तने तो सलग वाजवत राहिला. पुढच्या रांगांतील एक स्त्री उठून नाचू लागली, मग आणखी लोक उठले, खुर्च्यांवर चढले. व्यासपीठाच्या कडेला जो जोन्स हा थोर ड्रमवादक वर्तमानपत्राची गुंडाळी हाती धरून ठेका देत होता. दंगल होईल या भीतीने आयोजकांना कार्यक्रम आवरता घ्यावासा वाटू लागला. २० ऑगस्ट १९५६ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकला, आणि पुढे तो म्हणू लागला की आपला जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला.

गोन्साल्विस हे नाव वाचून वसईच्या वाचकाच्या भुवया उंचावल्या असतील. हा गोन्साल्विस मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टनचा, १९२० साली जन्मलेला, आणि त्याचे पूर्वज केप व्हर्दे बेटांवरचे. ज्या पोर्तुगीज गलबतांनी आपल्याकडे ही आडनावे आणली, त्यांनीच ती त्या बेटांवरही नेली होती. १९६३ मध्ये एलिंग्टनचा वृंद भारताच्या दौऱ्यावर आला आणि मुंबईतही वाजवून गेला, तेव्हा गोन्साल्विस त्या वृंदात होता. याच दौऱ्याच्या आठवणींतून पुढे 'फार ईस्ट स्वीट' ही रचना झाली, आणि तिच्यातील 'माउंट हरिसा' या भागात टेनर सॅक्सोफोन त्याचाच आहे. हरिसा म्हणजे लेबनॉनमधील पवित्र मातेचे डोंगरावरचे प्रसिद्ध तीर्थस्थान. विषयांतर झाले खरे, पण त्या एका रात्रीपलीकडे या वादकाकडे कोणी पाहत नाही याची आम्हांस नेहमी खंत वाटत आली आहे.

या रात्रीची लाँगप्ले तबकडी कोलंबिया कंपनीने काढली. निर्माता होता जॉर्ज अवाकियन. एलिंग्टनच्या हयातीत त्याची सर्वांत अधिक खपलेली तबकडी हीच. दोन पिढ्यांनी ती ऐकली, तिच्यावर प्रेम केले, आणि न्यूपोर्टची रात्र म्हणजे ही तबकडी असे समीकरण पक्के झाले.

वस्तुस्थिती मात्र निराळी होती. महोत्सवासाठी एलिंग्टन आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी एक तीन भागांची नवी रचना केली होती. तिचा पुरेसा सराव झालेला नव्हता. कार्यक्रमातील तिचे वादन एलिंग्टनला समाधानकारक वाटले नाही. तेव्हा ९ जुलैला, सोमवारी, सारा वृंद न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जमला, रचना पुन्हा वाजवली गेली, आणि तिच्यावर टाळ्यांचा कडकडाट वरून जोडण्यात आला. जॉनी हॉजेसचे 'जीप्स ब्लूज' हे वादनही पुन्हा झाले. कोलंबियाच्या तबकडीचा बराच मोठा भाग असा सोमवारचा होता. आणि जो भाग खरोखर शनिवारच्या रात्रीचा होता, ज्याच्यासाठी लोक तबकडी विकत घेत होते, त्यात खुद्द गोन्साल्विस दूर कोठेतरी, भिंतीपलीकडे वाजवत असल्यासारखा ऐकू येई. कारण त्या रात्री व्यासपीठावर दोन संस्थांचे मायक्रोफोन होते, एक कोलंबियाचा आणि एक 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या सरकारी नभोवाणीचा. आणि गोन्साल्विसने नेमका दुसऱ्याच मायक्रोफोनमध्ये आपला प्राण ओतला होता.

म्हणजे १९५६ च्या तबकडीत जे खरे होते ते अस्पष्ट होते, आणि जे स्पष्ट होते ते मागाहून रचलेले होते.

नभोवाणीची ती फीत चाळीस वर्षांनी मिळाली. एलिंग्टनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९९ मध्ये, कोलंबियाने 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' दोन सीडींच्या संपूर्ण संचात काढले. संपादक होता फिल शाप, ज्याचे अर्धेअधिक आयुष्य न्यूयॉर्कच्या विद्यापीठीय नभोवाणीवर जॅझविषयी बोलण्यात गेले आणि ज्याच्या तपशिलाच्या वेडावर त्याचे मित्रही हसत. २०२१ मध्ये तो वारला. मूळ तबकडीत तीन रचना होत्या. नवा संच दोन तासांहून मोठा आहे, त्यात कार्यक्रमाच्या आरंभीच्या राष्ट्रगीतापासून फादर ओ'कॉनर यांच्या बोलण्यापर्यंत आणि एलिंग्टनने बेभान श्रोत्यांची काढलेल्या समजुतीपर्यंत सर्व काही आहे. गोन्साल्विस नभोवाणीच्या फितीवरून थेट आपल्यासमोर येऊन उभा राहतो.

हा संच निघाला तेव्हा दोन प्रकारची मते व्यक्त झाली. काहींना तो सत्याचा विजय वाटला. काहींना आपल्या तारुण्यातील एक आवडती वस्तू कोणीतरी उघडून, तिचे स्क्रू टेबलावर मांडून ठेवल्यासारखे वाटले. आम्ही दोन्ही आवृत्त्या पुष्कळ वेळा ऐकल्या आहेत, आणि आमचे मत या दोहोंहून थोडे वेगळे आहे.

गोन्साल्विस स्पष्ट ऐकू आला म्हणून त्याचे वादन अधिक थोर ठरते असे नाही. किंबहुना काही ठिकाणी ते कमी थोर वाटते. २७ आवर्तनांत तो काही नव्या कल्पनांचा वर्षाव करीत नाही. मोजक्या वाक्यांना फिरवून फिरवून तो ठेक्यावर बसवतो. जुन्या तबकडीत हे लक्षात येत नसे, कारण तेथे आपण खरे म्हणजे लोकांचा जल्लोष ऐकत होतो, आणि त्या जल्लोषामागे कोठेतरी एक सॅक्सोफोन होता. आपल्या मनाने त्या अस्पष्ट सॅक्सोफोनला वाटेल ते मोठेपण बहाल केले होते. नव्या आवृत्तीत ते मोठेपण थोडे उतरते, पण त्याच्या जागी दुसरी गोष्ट दिसू लागते. जिमी वुडचा बास आणि सॅम वुडयार्डचे ड्रम यांचा ठेका त्या सहा-सात मिनिटांत कसा किंचितही न ढळता पुढे रेटत राहतो, एलिंग्टन पियानोवरून आणि तोंडानेही आपल्या माणसाला कसे चेतवतो, हे आता कळते. त्या रात्रीचा पराक्रम एका माणसाचा नव्हता. चौघांनी मिळून एक दोर ताणून धरला होता आणि त्यावरून गोन्साल्विस चालत गेला. हे ज्ञान आम्हांस दंतकथेहून अधिक मोलाचे वाटते.

'जीप्स ब्लूज'च्या बाबतीत न्यायाचा काटा उलट झुकतो असे म्हणणारे आहेत. सोमवारचे हॉजेसचे वादन नेटके आहे हे आम्हांसही मान्य. पण शनिवारी, त्या गोंधळानंतर, हजारो माणसे अजून खाली बसलेली नसताना त्याने जो संथ, जड, मधासारखा स्वर लावला आहे, त्याला स्टुडिओत तोड नाही.

नव्या आवृत्तीतील एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. कोलंबियाची फीत आणि नभोवाणीची फीत या दोन स्वतंत्र, एकेरी ध्वनीच्या फिती. त्या एकमेकींशी जुळवून, एक उजव्या आणि एक डाव्या कानाला देऊन, स्टिरिओचा आभास निर्माण करण्यात आला आहे. काम विलक्षण कौशल्याचे आहे, कारण दोन यंत्रांच्या गती तंतोतंत सारख्या कधीच नसतात. पण त्या रात्री मैदानात बसलेल्या कोणाही माणसाने हे संगीत असे ऐकले नव्हते. १९५६ मध्ये वरून टाळ्या जोडल्या गेल्या, १९९९ मध्ये वरून अवकाश जोडला गेला. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की दुसऱ्या वेळी संपादकाने आपण काय केले ते सांगितले. शिवाय सोमवारची स्टुडिओतील वादने त्याने फेकून दिली नाहीत, दुसऱ्या सीडीच्या उत्तरार्धात ती ठेवली. चांगला संपादक तळटिपेत टाकलेला पाठही देतो, त्यातलाच हा प्रकार. उणीव राहते ती एकच. १९५६ ची लाँगप्ले, तिच्या तीन रचनांसह, तिच्या खोट्या टाळ्यांसह, जशी लोकांनी ऐकली तशी, या 'संपूर्ण' संचात नाही. खोटी असली तरी तीही आता इतिहासाचा भाग झाली होती. एलिंग्टनने ती स्वतः मान्य केलेली आवृत्ती होती, हे विसरून चालणार नाही.

येथे कोणी विचारील की चूक दुरुस्त करणे आणि पाठ बदलणे यांत सीमारेषा कोठे आखावयाची. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चे उदाहरण येथे उपयोगी आहे. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबियाच्या स्टुडिओत तिचे ध्वनिमुद्रण झाले. ही वास्तू पूर्वी एक चर्च होती आणि तिच्या उंच छताखालच्या गुंजनासाठी ती नावाजलेली होती. मार्चमधील मुद्रणाच्या वेळी एक यंत्र किंचित मंद चालत होते. त्यामुळे पहिल्या बाजूवरील तीन वादने तबकडीवर थोडी चढ्या स्वरात, जेमतेम श्रुतीभर वर, वाजत राहिली. तबकडीबरोबर साथ करू पाहणाऱ्या वादकांची वाद्ये जुळेनात. बरोबर गतीच्या दुसऱ्या यंत्रावरील फीत वापरून १९९२ मध्ये ही चूक सुधारली गेली, आणि १९९७ पासून सर्वसाधारण आवृत्तीही तशीच निघू लागली. तेहेतीस वर्षे साऱ्या जगाने एक महान कृती चढ्या स्वरात ऐकली! येथे आमच्या मनात संदेह नाही. यंत्राची चूक ही कलावंताची निवड नव्हे. ती सुधारणे म्हणजे छापखान्यातील मुद्रणदोष काढणे. वादकाने पुन्हा वाजवण्याचे ठरवणे ही मात्र निवड आहे, आणि तिला हात लावणाऱ्याने दोनदा विचार करावा.

चार्ली पार्करच्या बाबतीत तर तीनदा. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डायल कंपनीसाठी त्याने 'लव्हर मॅन' वाजवले, तेव्हा तो शरीराने आणि मनाने पार कोसळलेला होता. त्यानंतर त्याला कित्येक महिने कॅमरिलो येथील रुग्णालयात राहावे लागले. कंपनीच्या मालकाने ते वादन बाजारात आणले आणि पार्करला त्याचा मनस्वी राग आला. आज ते अनेक संचांत आहे, आणि त्यात काही हृदय पिळवटणारे आहे असे सांगणारे समीक्षक आहेत. असेलही. एखाद्या माणसाचा तोल जाताना पाहून आपले हृदय पिळवटते, ते संगीताने पिळवटते की दृश्याने, हे ज्याचे त्याने पाहावे. आम्ही ते दोनदाच ऐकले.

याच पार्करच्या मागे डीन बेनेडेटी नावाचा एक तरुण सॅक्सोफोनवादक १९४७-४८ मध्ये मुद्रणयंत्र घेऊन क्लबांतून हिंडत असे. त्याला फक्त पार्कर हवा होता. पार्करची पाळी संपली की तो यंत्र बंद करी, मग पुढे कितीही मोठा वादक वाजवो. भक्तीचा हा अतिरेक पाहून हसू येते आणि थोडी चीडही येते. तथापि १९९० मध्ये मोझेक या कंपनीने ही सारी मुद्रणे सात सीडींत काढली, तेव्हा त्या खरखरीतून पार्करची एरवी कायमची हरवलेली कितीतरी वादने परत आली. मोझेकचे येथे नाव घेतलेच पाहिजे. मायकेल कुस्कुना आणि चार्ली लोरी यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या या छोट्या संस्थेने ठरावीक संख्येचे संच काढले आणि प्रत्येकाबरोबर तारीखवार, वादकवार, टेकवार माहितीची पुस्तिका दिली. पुढच्या संपादकांना मानदंड घालून दिला तो त्यांनी. कुस्कुना एप्रिल २०२४ मध्ये निवर्तले. ठरावीक संख्येमुळे मात्र एक दोष शिरला. संच संपला की त्याची किंमत चढू लागते, आणि संग्राहकाच्या शेजारी साठेबाज येऊन बसतो.

संग्राहक आणि साठेबाज यांतील भेद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९३० नंतरच्या मंदीत तबकड्यांचा धंदाच बसला आणि आधीच्या दशकातील जॅझ बाजारातून नाहीसा झाला. कंपन्यांना त्याचे काही वाटत नव्हते. वाटत होते ते जुन्या बाजारांत, रद्दीच्या दुकानांत तबकड्या उलथ्यापालथ्या करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना. पॅरिसमध्ये शार्ल दलोने याने १९३६ मध्ये जॅझच्या ध्वनिमुद्रणांची सूची छापली. कोणत्या तबकडीवर कोण कोण वाजवत आहे हे प्रथम कागदावर आले ते अशा माणसांमुळे. न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गेबलर या दुकानदाराने जुनी मुद्रणे नव्याने काढावयास आरंभ केला. आणि १९४० मध्ये कोलंबियाने आपल्या जुन्या साठ्यातील लुई आर्मस्ट्राँगची वादने पुन्हा काढावयाचे ठरवले, तेव्हा ते काम ज्या विद्यार्थ्याकडे सोपवले तो म्हणजे जॉर्ज अवाकियन! न्यूपोर्टला टाळ्या जोडणारा निर्माता मुळात जुन्या तबकड्यांचा संशोधक होता. माणसे अशी सरळ एका रकान्यात बसत नाहीत.

दोनच वर्षांनी युद्धामुळे अमेरिकेत शेलॅकचा तुटवडा पडला. शेलॅक म्हणजे आपली लाख. छोटा नागपूरच्या जंगलांतील झाडांवरून गोळा केलेली ही लाख जगभरच्या तबकड्यांत जात असे. १९४२ मध्ये तिच्या वापरावर कडक मर्यादा आली, आणि जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्या भुकटीतून नव्या काढण्यात येऊ लागल्या. त्या घाण्यात काय काय भरडले गेले याची मोजदाद कोणाकडे नाही. जे वाचले ते पुष्कळसे याद्या करणाऱ्या त्या हास्यास्पद माणसांच्या कपाटांत वाचले.

हे सर्व अमेरिकेचे. पण लाखेच्या वाटेने आपण घरी आलोच आहोत, तर मुंबईच्या जॅझविषयी बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे वृंद येऊन राहिले. क्रिकेट स्मिथच्या वृंदाने १९३६ मध्ये मुंबईत 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक, ज्यांनी गावच्या चर्चच्या संगीतशाळेत सुरावट वाचावयाचे धडे गिरवले होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे 'चिक चॉकलेट' यांचा ट्रम्पेट त्यांत अग्रभागी. पुढे त्यांनी सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून काम केले. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशी किती नावे घ्यावीत. हिंदी चित्रपटगीतांना त्यांनी आपला श्वास दिला, आणि तबकडीच्या लेबलावर गायकाचे नाव आले, संगीतकाराचे आले, चित्रपटाचे आले. ट्रम्पेट कोणाचा हे कोठेही आले नाही. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' याच नावाच्या इंग्रजी पुस्तकात या माणसांचा इतिहास कष्टाने गोळा केला. तो वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. अमेरिकेतील एखाद्या दुय्यम वादकाचा शुक्रवारचा दुसरा टेकही नोंदलेला आहे, आणि आपल्या वादकांपैकी कित्येकांचे कोणते वादन कोणते हेदेखील आज खात्रीने सांगता येत नाही.

न्यूपोर्टच्या रात्रीचे दोन पाठ आहेत म्हणून आपण त्यांवर वाद घालू शकलो. येथे वाद घालावयास एक पाठही धड हाती नाही. ज्यांना नुसत्या फुंकरीवरून वादक ओळखता येई, ती माणसे एकेक करून गेली. मोठ्या कंपनीने मोठा संच काढावा अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. परंतु वसई, वांद्रे, धोबीतलाव, गिरगाव, मडगाव येथील घरांतून अजूनही काळ्या तबकड्यांच्या चवडी असतील. कोणाचे आजोबा बँडमध्ये असतील, कोणाचे काका स्टुडिओत. त्या तबकड्या वाजोत वा न वाजोत, लेबलावर काय छापले आहे आणि लेबलाच्या कडेशी कोणता क्रमांक कोरला आहे, एवढे तरी एका वहीत उतरून घ्यावे. आणि आजोबांनी कधी, अमुक गाण्यातला तो ट्रम्पेट माझा, असे म्हटले असेल, तर ते वाक्यही त्याच क्रमांकापुढे, कोणी आणि केव्हा सांगितले यासह, लिहून ठेवावे.